बोरिवलीची सफेद मुसळी : शेतात उदंड, रानात विरळ. कायद्याचं संरक्षण मागावं का?

कान्हेरीकाठ

नमस्कार मंडळी. सफेद मुसळीबद्दल, म्हणजे क्लोरोफायटम बोरिविलियानमबद्दल, जाणकारांचा सल्ला हवा आहे. जातीच्या नावातच बोरिवली आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली. मुळं औषधी म्हणून चांगल्या भावाने जातात, त्यामुळे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थानात तिची शेती होते. रानातली मुसळी मात्र कमी होत चालली आहे, असं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, येऊरला आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याशी पावसाळी नोंदी ठेवणाऱ्या आमच्या गटाला वाटतं. खणलेले ताजे खड्डे दिसतात, आणि ते रानडुकरांचे नाहीत. कडा हत्याराने कापलेल्या असतात.

गटातल्या काहींचं म्हणणं, सरळ वन्यजीव कायद्याच्या यादीत घालण्याची मागणी करावी. बाकीचे विचारतात, एकरांनी लागवड होणारी वनस्पती संकटात आहे हे कोणाला पटणार? शिवाय पहिल्या पावसानंतर बोरिवली, दादर, विरारच्या बाजारात आदिवासी बाया फोडशी घेऊन बसतात. ती याच कुळातली पानं. उद्या त्यांच्यावरच गुन्हा दाखल व्हायचा का? प्रस्ताव करायचा तर कोणत्या कायद्याखाली, आणि त्याला माहिती किती नि कशी लागते? अनेक शोधनिबंधांत 'अतिसंकटग्रस्त' असा शब्द आहेच, तो पुरेसा धरतात का?

परागकोश

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो शब्द पुरेसा नाही. एका निबंधाने लिहिलं, पुढच्या वीसांनी उचललं, असंच बहुतेक वेळा झालेलं असतं. कोणत्या निकषावर, कोणत्या वर्षी, कोणी ठरवलं हे सापडलं तरच तो पुरावा.

पण त्याच्याही आधी ओळख पक्की करा. आपल्याकडे क्लोरोफायटमच्या बऱ्याच जाती आहेत, आणि फुलं नसताना त्या गवतात गवत होऊन जातात. सर्वांत जास्त घोटाळा ट्युबरोसमशी होतो. फरक मुळात आहे. बोरिविलियानमची मांसल मुळं खोडाच्या चकतीला थेट चिकटलेली असतात, झुपक्याने, लांबट आणि टोकाकडे निमुळती. ट्युबरोसममध्ये आधी बारीक दोरीसारखं मूळ निघतं आणि त्याच्या टोकाला गाठ लोंबते. हे बघायला रोप उपटावं लागत नाही. एका बाजूची ओली माती बोटाने दोनेक इंच बाजूला करा, मोजपट्टी धरून फोटो घ्या, माती परत घट्ट दाबा. पोकळी राहिली की पाणी साचतं आणि मूळ कुजतं.

फुलाचे तपशील सकाळीच टिपा. फूल जेमतेम एक दिवसाचं. दुपारपर्यंत पाकळ्या मिटल्या की पुंकेसराचा तंतू किती आणि परागकोश किती हे मोजता येत नाही. फुलाच्या देठावर एक सांधा असतो. तो बुडाशी आहे, मध्यावर आहे की फुलाजवळ, याचा जवळून फोटो घ्या. जाती वेगळ्या करताना या सांध्याची जागा फार कामाला येते आणि नेमका हाच फोटो कोणी काढलेला नसतो. बोंड धरल्यावर त्याच रोपाचा पुन्हा एक फोटो घ्या. काळी मुसळी हे वेगळंच प्रकरण, तिची फुलं पिवळी असतात. तिच्या नोंदी चुकून मिसळल्या असतील तर आधी बाजूला काढा.

नंतर झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जुने नमुने बघा. सांतापाव यांचं काम तिथूनच चालत असे. जुन्या चिठ्ठीवर 'बोरिवली' एवढंच असेल तर तो बिंदू नकाशावर हौसेने अचूक ठेवू नका. चार-पाच किलोमीटरची अनिश्चितता धरा आणि तसं लिहून ठेवा.

नवा नमुना घ्यायचा असेल तर परवानगी आधी. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तुंगारेश्वर अभयारण्य आहे; दोन्हीकडे लेखी परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही. आणि जिथे मोजकीच रोपं आहेत तिथे मूळ घेऊच नका, फुलोरा आणि एक पान पुरतं. फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, दाबून वाळवलेल्या फुलात बारीक तपशील नीट दिसतीलच असं नाही.

दोनबायदोन

ओळखीचं परागकोश यांनी लिहिलं आहे, मी मोजणीकडे येतो. शेतातली मुसळी मोजायची नाही, हे आधी स्पष्ट करतो. धोक्यातल्या जातींची जागतिक लाल यादी करणाऱ्या आययूसीएनच्या निकषांत फक्त नैसर्गिक क्षेत्रातली रानटी संख्या धरतात. एकरांनी लागवड असली आणि रानात शंभर रोपं असली तर मूल्यमापन त्या शंभरांचं. त्यामुळे 'एवढी शेती आहे मग संकट कसलं' या आक्षेपाला उत्तर तयार आहे.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही मुंबई-ठाण्याचे बिंदू नकाशावर टाकाल आणि आकडे फार आकर्षक येतील. समजा सात बिंदू, सगळे वेगवेगळ्या २ × २ किलोमीटरच्या चौकोनांत. व्याप्त क्षेत्र, म्हणजे जात प्रत्यक्ष आढळते त्या चौकोनांची बेरीज, २८ चौरस किमी. क्षेत्रावर आधारलेल्या निकष 'ब'मध्ये ही मर्यादा अतिसंकटग्रस्तसाठी १०, संकटग्रस्तसाठी ५००, असुरक्षितसाठी २,००० चौरस किमी आहे. झालं, संकटग्रस्त! असं करू नका. एक तर नुसतं क्षेत्र लहान असून भागत नाही. सोबत तीनपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: स्थानं मोजकी किंवा संख्या तुकड्यातुकड्यांत विखुरलेली, घट चालू असणं, किंवा टोकाचे चढउतार. दुसरं म्हणजे ही जात मुंबईपुरती नाही. चार राज्यांतल्या रानातले बिंदू जोडून बाहेरचा बहुभुज काढला की विस्तार २०,००० चौरस किमीच्या कितीतरी वर जातो, आणि तिथे 'ब'चा विस्ताराचा दरवाजा बंद होतो. एकटा पुणे जिल्हा १५ हजारांच्या वर आहे, यावरून अंदाज घ्या. व्याप्त क्षेत्र कमी भरलं तरी तपासणारा विचारणारच की ते खरोखर कमी आहे की कोणी शोधलंच नाही.

म्हणून या वनस्पतीला निकष 'अ' लागू पडण्याची शक्यता जास्त, म्हणजे संख्येतली घट. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा तो धरायचा. ओरबाडणं अजून थांबलेलं नसेल तर ३० टक्के घटीला असुरक्षित, ५०ला संकटग्रस्त, ८०ला अतिसंकटग्रस्त. घट थेट मोजलेली नसली तरी वापराच्या पातळीवरून अनुमान काढता येतं, पण अनुमानाची पायरी न पायरी लिहून द्यावी लागते.

मोजणी जुलै-ऑगस्टमध्ये, फुलोरा असताना. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी पडून जातात आणि पुढच्या पावसापर्यंत जमिनीवर काहीच नसतं. एका वर्षी जुलैत आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर कागदावर भयंकर घट दिसेल आणि ती पूर्ण खोटी असेल. ५० मीटर दोरी, दर ५ मीटरवर १ × १ मीटरची एक, अशा १० चौकटी. प्रत्येक चौकटीत चार आकडे वेगवेगळे लिहा: फुलोरा असलेली रोपं, नुसत्या पानांची, पानं खुडलेली, आणि खणलेले खड्डे. प्रौढ म्हणून पहिलीच धरतात. खुडलेल्यांचा आकडा वेगळा हवा, कारण खुडल्यामुळे फुलोरा आला नसेल तर ते रोप लहान नाही, फक्त लहान दिसतं.

घनतेला गुणताना योग्य अधिवासाच्या क्षेत्राने गुणा. उद्यान शंभर चौरस किमीच्या थोडं वर आहे म्हणून सरसकट १०४ने गुणलेले अहवाल येतात. त्यात तळी, वस्ती, दाट सावलीचं रान सगळं मुसळीने भरून जातं.

आणखी एक. 'स्थान' म्हणजे तुमचा जीपीएस बिंदू नव्हे. एकाच धोक्याने ज्या भागातली सगळी रोपं झपाट्याने बाधित होतील तो भाग म्हणजे एक स्थान. एकाच व्यापाऱ्यासाठी खणणारी टोळी चार टेकड्या फिरत असेल तर त्या चार टेकड्या मिळून एक स्थान होऊ शकतं. खणणं कोण, कोणासाठी, कधी करतं हे कळल्याशिवाय हा आकडा भरताच येत नाही.

जंगलहक्क_पालघर

वरच्या शेवटच्या वाक्यापाशीच कायद्याचा प्रश्नही येतो. वनस्पती किती धोक्यात आहे हा एक प्रश्न, आणि कायद्याने तो धोका थांबेल का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की दुसऱ्याचं आपोआप 'हो' होत नाही. प्रस्ताव बहुधा इथेच पडतात.

वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींचं प्रकरण १९९१च्या दुरुस्तीने आलं, तेव्हा यादीत सहाच नोंदी होत्या. २०२२च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, अनुसूची सहाच्या चार झाल्या आणि वनस्पती अनुसूची ३मध्ये गेल्या. यादीही वाढली, नीलकुरिंजी आता त्यात आहे. प्रस्ताव लिहिण्याआधी ही अनुसूची आणि जैवविविधता कायद्याच्या कलम ३८खालच्या अधिसूचना, दोन्हींची आजची प्रत वाचून घ्या.

या अनुसूचीत नाव गेलं की काय होतं ते बघा. कलम १७-अ: वनजमिनीवरून ती वनस्पती तोडणं, उपटणं, गोळा करणं, बाळगणं, विकणं बंद. १७-क: लागवडीला परवाना. १७-ड: व्यापाराला परवाना. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात मनाई आधीच आहे, कलम ३५ आणि २९ने. म्हणजे येऊर आणि तुंगारेश्वरला यादीमुळे नवं काही मिळत नाही. तिथे कमी पडतो तो पावसाळ्यातला पहारा. नवा भार पडणार तो बाहेरच्या वनजमिनीवर आणि शेतकऱ्यावर. कुठ या हिमालयी वनस्पतीचं उदाहरण आहे. ती पहिल्या सहांत होती, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारातही सर्वांत कडक परिशिष्टात आहे, आणि लाहौलमध्ये तिची शेती होते. आपलंच पीक आपलंच आहे हे सिद्ध करण्याचं ओझं तिथे शेतकऱ्यावर येतं.

आता फोडशीचं. १७-अमध्ये अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला सूट आहे, पण ती राहत्या जिल्ह्यात, स्वतःच्या वापरापुरती. पालघरच्या बाईने वनजमिनीवरची पानं दादरला आणून विकली तर सूट लागू होत नाही. याउलट वनहक्क कायदा, २००६ गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं, कंद स्पष्टपणे धरतो आणि ते गोळा करण्याचा नि विकण्याचा हक्क देतो. एकाच टोपलीवर दोन कायदे समोरासमोर उभे राहतील, आणि त्रास टोपलीवालीला होईल. मला हे मान्य नाही, आणि वनस्पतीचंही त्यात भलं नाही.

माझं मत जैवविविधता कायद्याच्या कलम ३८च्या बाजूने आहे. त्या कलमाखाली राज्याशी सल्लामसलत करून केंद्र एखादी जात धोक्यातली म्हणून जाहीर करतं, आणि तिचं संकलन बंद किंवा नियंत्रित करू शकतं. 'नियंत्रित' हा पर्याय इथे मोलाचा. रानातून मूळ खणायला बंदी, पान खुडायला मोकळीक, शेतीला हात नाही, अशी अधिसूचना मागता येते. शिवाय पुनर्वसनाची पावलं उचलण्याची तरतूद त्याच कलमात आहे. २०२३च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार केंद्राला राज्याकडे सोपवताही येतो. प्रस्ताव नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे द्या, एक प्रत पुण्याच्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाला. शास्त्रीय मत तिथूनच मागवलं जाण्याची शक्यता जास्त. सोबत ज्या गावांत सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत तिथल्या ग्रामसभांचे ठराव जोडा. वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतं, आणि बाहेरून येणाऱ्या खणणाऱ्यांना अडवणारं पावसाळ्यात दुसरं कोणी तिथे नसतं.

मुसळीवाला_जळगाव

शेतीच्या बाजूने एक भर. लागवड मृगाच्या पावसावर होते, बियाणं म्हणून चकतीचा तुकडा लागलेली मुळं वापरतात. चकतीशिवाय नुसतं मूळ लावलं तर ते फुटत नाही, कारण डोळा चकतीवर असतो. बी पेरून कोणी करत नाही, उगवण कमी आणि पहिल्या वर्षी मूळ बारीक. त्यामुळे बियाण्याचे भाव चढले की रानाकडे नजर जाते. तुम्ही बघताय ते खणणं जून-जुलैचं असेल तर ते लागवडीच्या बियाण्यासाठी असण्याची शक्यता धरा. ऑक्टोबरनंतरचं असेल तर सुक्या मालासाठी. पानं गेल्यावर मूळ पिकतं, साल गडद होते आणि सोलून वाळवायला तेव्हाच घेतात. दोन्ही खड्ड्यांचा बंदोबस्त वेगवेगळा. बियाण्याची टंचाई कायद्याने भागत नाही, तिथे रोपवाटिकांतून खात्रीचं बियाणं मिळालं तर खणणं कमी होईल.

सोललेला सुका माल चार-पाच किलो ओल्या मुळांतून एक किलो निघतो. बाजारातल्या सुक्या मालावरून रानातली तोड काढताना हा गुणक विसरला की अंदाज चार-पाच पट कमी येतो. आणि पावडर झाल्यावर रानातली कोणती, शेतातली कोणती हे कोणी सांगू शकत नाही. डीएनए तपासणी जात सांगते, शेत सांगत नाही. तपासणी करायची तर खरेदीच्या पहिल्या पायरीवर, ओलं मूळ असतानाच. लागवडीच्या औषधी वनस्पतींसाठी जैवविविधता कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीत मूळस्थानाच्या दाखल्याची सोय आलीच आहे, तोच दाखला व्यापाऱ्याकडे मागायची अट घाला. नवा परवाना नको.

कान्हेरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खड्ड्यांच्या तारखा आमच्याकडे आहेत, त्या आता महिन्यांप्रमाणे वेगळ्या करतो. दोन शंका उरल्या. फोडशी खुडल्याने रोपाचं नुकसान किती होतं? आणि गटातले काही जण शेतातली मुळं आणून उद्यानाच्या कडेला लावू या म्हणतात, ते करावं का?

परागकोश

लावू नका. शेतातला माल एकेका रोपाच्या तुकड्यांपासून वाढवलेला, एकसारखा असतो, आणि कुठल्या राज्यातून आला ते माहीत नसतं. बोरिवलीच्या मूळ संख्येत तो मिसळला की पुढे कोणालाच वेगळा काढता येणार नाही. मोजणीतही उपयोग नाही. पुन्हा लावलेली रोपं जगण्याजोगी पिढी देईपर्यंत प्रौढ म्हणून धरत नाहीत. लावायचंच तर त्याच टेकडीवरचं बी, त्याच टेकडीवर, वनखात्याच्या परवानगीने. सगळी बोंडं कधीच घेऊ नका, आणि तडकण्याआधी बोंडांवर मलमलीची पिशवी बांधा, नाहीतर बी मातीत जातं.

खुडण्याबद्दल : पान चकतीच्या वर कापलं तर रोप मुळातल्या साठ्यावर पुन्हा फुटतं. तीच जागा सीझनमध्ये दुसऱ्यांदा खुडली की मूळ बारीक होतं आणि त्या वर्षी बी धरत नाही. ओढून काढलं तर पानांबरोबर चकती येते, मग संपलंच. बाजारात जुडीच्या बुडाशी बघा. पांढरा देठ सरळ कापलेला असेल तर रोप रानात जिवंत आहे. तपकिरी चकती किंवा मुळाचा तुकडा लागलेला असेल तर नाही. अशा जुड्यांचं प्रमाण बाजारनिहाय लिहून ठेवा, प्रस्तावात पान मोकळं ठेवण्याची मागणी त्यावरच उभी राहील. आणि फोडशी म्हणून एकाहून जास्त जाती विकल्या जातात, तेव्हा जुडीतलं प्रत्येक पान बोरिविलियानमचं धरू नका.

दोनबायदोन

कायमच्या चौकटींबद्दल सांगायचं राहिलं. चारही कोपऱ्यांवर रंग किंवा पताका लावू नका, खणणाऱ्याला आयता पत्ता मिळतो. जवळच्या दोन ठळक झाडांपासून अंतर आणि होकायंत्राची दिशा लिहून ठेवा, चौकट पुढच्या वर्षी त्यावरून सापडते. नेमके जीपीएस आकडे मंडळाला द्यायच्या प्रतीत वेगळ्या बंद जोडपत्रात. सगळ्यांना दिसणाऱ्या प्रतीत आणि निरीक्षणांच्या ॲपवर जागा दहा किलोमीटरच्या चौकोनापर्यंत धूसर करा, आणि जुने अपलोड केलेले फोटोही तपासा, कारण मोबाइलच्या फोटोत जागा आपोआप नोंदलेली असते.